चार किटच्या जागी चौदा

संकटग्रस्त देशांतल्या आरोग्य प्रकल्पांसाठी पैसे उभे करणं हे माझं अकरा वर्षांचं काम. खोटे देणगीदार कसे ओळखायचे यावर मी नवख्यांचे वर्गही घेतले आहेत. तरी साडेचार हजार युरो पाठवण्याच्या कागदावर सही माझीच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली, तेव्हापासून आमच्यासारख्या मधल्या संस्था मिळेल त्या दाराशी उभ्या होत्या. सुदानमध्ये गदारिफला आमची भागीदार संस्था दवाखाना चालवते. एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यापासून विस्थापितांची रीघ लागलेली, त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये देशात कॉलऱ्याची साथ जाहीर झाली. आणि दवाखान्यातले निम्मे पगार अमेरिकी पैशावर.

मार्चमध्ये एका युरोपीय फाउंडेशनचा मेल आला. तुमचं आवाहन वाचलं, सविस्तर प्रपोजल पाठवा. मी रात्र जागून पाठवलं. आठव्या दिवशी मंजुरीपत्र हजर, आणि तेही मागितल्याच्या दुप्पट! आम्ही सहा महिने मागितले होते, त्यांनी बारा दिले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं मी ऑफिसात मोठ्यानं म्हटल्याचं सगळ्यांना अजून आठवतं.

पत्राला जोडलेलं बजेट वाचताना माझीच एक चूक दिसली. आंतरसंस्था आपत्कालीन आरोग्य किट, म्हणजे औषधं आणि उपकरणांचा ठरलेला संच, साधारण १०,००० लोकांना तीन महिने पुरतं. आमच्या दवाखान्याच्या हद्दीत २०,००० लोक, म्हणजे सहा महिन्यांना चार किट. मी घाईत चौदा टाइप केले होते. त्यांनी चौदाचे अठ्ठावीस करून मंजूर केले होते. मी प्रामाणिकपणे कळवलं. उत्तर आलं, 'मंजूर बजेटमध्ये बदलाची गरज नाही.'

इथेच थांबायला हवं होतं. खरा देणगीदार जीव खातो. डिझेल इतकं का? लसी २ ते ८ अंशांत ठेवायला सौर फ्रिज का नाही? नर्सचा भत्ता कुठल्या तक्त्याप्रमाणे? संयुक्त राष्ट्रांच्या देशनिहाय निधीतून पैसे घ्या, आधी तुमच्या संस्थेची कुवत तपासतात, मग प्रशासकीय खर्च ७ टक्क्यांच्या वर गेला तर कान धरतात, आणि पैसेही हप्त्यांनी सोडतात. या लोकांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटलं, चला, अखेर कोणीतरी विश्वास ठेवणारं भेटलं.

मग निघालं 'अनुपालन तपासणी शुल्क'. सुदानला पैसे पाठवायचे तर बँकेची खास मंजुरी लागते, शुल्क पहिल्या हप्त्याबरोबर परत मिळेल. हे पटलं, कारण त्यात खऱ्याचा अंश होता. अमेरिकेचे सरसकट निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्ये उठले, तरी सुदानचं नाव दिसलं की बँका आजही बिचकतात. आमची एक रक्कम सात आठवडे अडकली होती. त्या जुन्या जखमेवर त्यांनी बरोबर बोट ठेवलं. शुल्काचं खातं तिसऱ्याच देशात, एका खासगी कंपनीच्या नावावर. आमचे हिशेबनीस म्हणाले, "मॅडम, देणारा कधी आधी घेतो का?" मी त्यांना सुनावलं. म्हटलं, तुम्हाला या क्षेत्रातलं कळत नाही.

पैसे गेले आणि मागोमाग दुसरं शुल्क आलं, विम्याचं. तेव्हा कुठे मी मेलचा पत्ता नीट पाहिला. खऱ्या फाउंडेशनच्या नावात नसलेली एक आडवी रेघ त्यात होती. खऱ्यांना फोन लावला; आमचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं. हा फोन मार्चमध्ये करता आला असता, फुकट.

साडेचार हजार युरो गेले याहून वाईट गोष्ट वेगळीच. मंजुरीपत्र आलं त्याच दिवशी मी गदारिफच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं होतं, कोणाला काढू नका, पैसे येतायत. त्यांनी दोन नर्स आणि लॅबवाला ठेवून घेतला, कॉलऱ्याच्या रुग्णांना लावायच्या सलाइनच्या, रिंगर लॅक्टेटच्या, बाटल्या उधारीवर उचलल्या. खरं कळल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उधारीवाल्याला काय सांगू, तेवढं सांगा." मी सांगू शकले नाही. ती उधारी आम्ही आमच्या राखीव पैशातून पाच महिने फेडली. लॅबवाला तोवर निघून गेला होता.

शुल्क मागणं हीच खूण पुरेशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांबरोबर काम करायला त्यांच्या पार्टनर पोर्टल या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते, तिलाही पैसे पडत नाहीत. पण आमचं नुकसान पैशावर थांबलं नाही. 'तपासणी'साठी आम्ही विश्वस्तांचे पासपोर्ट, बँकेचं पत्र, शिक्क्याचं कोरं लेटरहेड असं सगळं पाठवलं होतं.

जुलैमध्ये येमेनमधल्या एका छोट्या संस्थेचा मेल आला. त्यांना आमच्या लेटरहेडवर, माझ्या सहीचं शिफारसपत्र मिळालं होतं: या फाउंडेशनकडून निधी वेळेवर मिळाला, निर्धास्त राहा. शुल्क भरण्याआधी खात्री करावी म्हणून त्यांनी विचारलं होतं. मेल लिहीत न बसता मी सरळ फोन केला आणि त्यांचं मंजुरीपत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्यांचंही बजेट बरोब्बर दुप्पट झालं होतं.