दिंडोरी रोडवरचा बिनपाटीचा वर्ग

"स्टॉल म्हणजे काय?" विमानाचे शब्द शिकवणाऱ्या वर्गात पहिल्याच सकाळी सरांनी विचारलं आणि मी लगेच हात वर केला. "इंजिन बंद पडणं." क्लच लवकर सोडला की गाडी स्टॉल होते, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलफॅन लावला आणि थर्मोकोलचा एक पंख त्याच्यासमोर धरला. पंखाच्या पाठीवर लोकरीचे आठ-दहा दोरे चिकटवलेले होते. पंख सरळ होता तोवर दोरे मुकाट्याने पाठीला चिकटून मागे वाहत होते. सरांनी पंखाची पुढची कड हळूहळू वर उचलली. साधारण पंधरा अंशांपर्यंत काहीच झालं नाही. मग एकदम सगळे दोरे फडफडायला लागले, दोनतीन तर उलटे पुढे वळले. "हवा पंखाला सोडून गेली. हा स्टॉल. फॅन बंद पडला का? नाही ना? मग इंजिनचा काय संबंध?"

मी विमान देखभाल अभियंत्याच्या लायसन्ससाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षा देते आहे. बेसिक एरोडायनॅमिक्सचं मोड्युल, म्हणजे विमान हवेत कसं उडतं याचा पेपर, पहिल्या खेपेला गेलं, पास व्हायला ७५ टक्के लागतात. दहावीपर्यंत मी पिंपळगाव बसवंतला मराठी शाळेत शिकले. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातली विमानं रोज डोक्यावरून जायची, पण त्यांची भाषा घरात कुणालाच येत नव्हती. आधीच्या संस्थेत, नाव घेत नाही, पहिल्या दिवशी चारशे शब्दांची यादी हातात दिली आणि पाठ करायला सांगितलं. मी केलीही पाठ. स्टॉल, स्पॉयलर, स्लॅट सगळ्यांची व्याख्या घडाघडा म्हणता यायची. प्रश्न थोडा फिरवून विचारला की मात्र हातात काही उरायचं नाही.

हा वर्ग एका मैत्रिणीने सांगितला. दिंडोरी रोडला एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, बाहेर पाटी नाही. शनिवार-रविवार सकाळी सात ते नऊ, आठ आठवडे, फी ४,५०० रुपये. शिकवणारे सर विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. जाहिरात नको म्हणाले, म्हणून त्यांचं नाव इथे लिहीत नाही. इथे मोड्युल शिकवत नाहीत, फक्त शब्द शिकवतात. हे आधी समजून घ्या, नाहीतर फसल्यासारखं वाटेल.

सरांचा नियम एकच आहे: समजून घ्यायचं मराठीत, लिहायचं मॅन्युअलमधल्याच शब्दात. थ्रस्ट म्हणजे रेटा, ड्रॅग म्हणजे ओढ, लिफ्ट म्हणजे उचल. आमच्याकडे उचल म्हटलं की ऊसतोडीच्या मजुराने घेतलेली आगाऊ रक्कम आठवते, पण म्हणूनच तो शब्द माझ्या डोक्यातून आता जाणार नाही. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ सूत कातायच्या चातीच्या आकाराचा. सर खरोखरच एक जुनी चाती घेऊन आले होते, मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळती. पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी म्हणजे एलेरॉन, शब्दाचा अर्थ छोटा पंख. एम्पेनाज म्हणजे बाणाच्या शेपटाला पिसं बांधणं. बाण सरळ जावा म्हणून पिसं, विमान सरळ जावं म्हणून शेपटीचा तो सगळा भाग. हे कळल्यावर मला पाठ करावं लागलंच नाही.

खोलीत एक लोखंडी ट्रंक आहे आणि माझ्या मते फी त्या ट्रंकेची आहे. भंगारातून जमवलेले सुटे भाग, एकेक शब्दाला एकेक वस्तू. पिटो ट्यूब हातात घेतली तेव्हा कळलं की ती किती साधी नळी आहे. अठराव्या शतकात आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला अशी नळी वापरली, म्हणून तिला त्याचं नाव. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती घेते, स्थिर हवेचा दाब स्टॅटिक पोर्टमधून मिळतो आणि दोन्हींच्या फरकावरून वेग कळतो. "विमान उभं असलं की हिच्यावर लाल पट्टीचं कव्हर का?" सरांनी विचारलं. कुणाला आलं नाही. कुंभारीण माशी! आमच्या देवघराच्या कोपऱ्यात मातीचं घर करते तीच. तिला असं भोक आवडतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लॉकवायरवर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेवर, आणि तो जायलाच हवा होता. दोन बोल्ट एका पत्र्यावर बसवलेले, ०.०३२ इंची तार आणि पक्कड. तारेला इंचाला सहा ते आठ पीळ द्यायचे. मी नीट मोजून सात दिले, तार ताठ झाली, मला वाटलं झालं. सरांनी पाना लावून बोल्ट सैल होण्याच्या दिशेला किंचित दाबला. बोल्ट फिरला. माझी तार चुकीच्या बाजूने गेली होती, ती बोल्टला सैल व्हायला मदतच करत होती. तार अशी ओढली गेली पाहिजे की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला आवळेल. मी तार कापून टाकली, कारण काढलेली तार पुन्हा वापरायची नसते. दुसऱ्यांदा बरोबर बसली. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून तारेच्या टोकावरून फिरवला. रुमाल अडकला. टोक आत वळवायचं राहिलं होतं. "या टोकाला पिगटेल म्हणतात पोरी, डुकराची शेपटी. ती वळलेलीच असते. उद्या इथे दुसऱ्या कुणाचा तरी हात जाणार आहे." तो शब्द मी त्याआधी पुस्तकात तीनदा तरी वाचला होता.

इथेच मराठीची अडचणही सरांनी लपवली नाही. तारेला देतो तो पीळ आणि बोल्टवर लावतो तो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, त्यालाही मराठीत पीळच म्हणतात. पंखाला मुळापासून टोकापर्यंत जो ट्विस्ट असतो तोही पीळ. तीन वेगळ्या गोष्टी, एक शब्द. म्हणून कामावर मराठी शब्द चालणार नाही, तिथे टॉर्क तो टॉर्कच. सरांनी ओझरची आठवण सांगितली. मिग या लढाऊ विमानाच्या रशियन कागदपत्रांत पंखाच्या मुख्य तुळईला लाँझेरॉन म्हणतात. इंग्रजीत तिला स्पार म्हणतात, आणि लाँजरॉन म्हणजे फ्यूजलाजमधला लांबट आधार. शब्द एकाच फ्रेंच घरातले, पण एकाने पंखात संसार मांडला, दुसऱ्याने धडात. दोन भाषांमध्ये काम करणाऱ्याने नुसत्या आवाजावर विसंबायचं नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

रेडिओवरच्या शब्दांना एकच तास दिला, पण त्यात स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात निघाला. २७ मार्च १९७७, धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक शब्दाचं. "आम्ही आता टेकऑफला" अशा अर्थाचं वैमानिकाच्या बाजूने बोललं गेलं. कंट्रोल टॉवरला वाटलं विमान टेकऑफच्या जागी थांबलंय. प्रत्यक्षात ते धावत होतं. त्यानंतर टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा असं ठरलं, एरवी डिपार्चर म्हणायचं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर जिन्यात कुणी बोलत नव्हतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. आम्ही बावीस जण होतो आणि लॉकवायरची पक्कड एकच. माझी पाळी यायला दीड तास लागला. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या पुसट की आकृत्यांमधले बाण दिसत नाहीत, त्या मी घरी पेनने पुन्हा काढल्या. इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्सचे (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे) शब्द शेवटच्या दोन दिवसांत घाईघाईने उरकले, त्याला ट्रंकेत वस्तूही नाहीत. आमच्यासोबत एक बिहारचा मुलगा होता, त्याला मराठी जेमतेम यायचं. सर मधूनमधून हिंदीत सांगायचे, पण चातीची गंमत त्याच्यापर्यंत पोचली नाही. त्याची फी थोडी तरी परत द्यायला हवी होती असं मला वाटतं, आणि मी तसं सरांना सांगितलंही.

सातव्या आठवड्यात इंजिनकडे आलो तेव्हा फळ्यावर पुन्हा तोच शब्द आला: कॉम्प्रेसर स्टॉल. आता मात्र मी घाई केली नाही. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनातला हवा दाबणारा भाग, त्याचं प्रत्येक पातं म्हणजे एक बारीकसा पंखच, हवा चुकीच्या कोनात आली की त्यालाही सोडून जाते. म्हणजे दोन मोड्युलमधले दोन स्टॉल मुळात एकच. मी हे बोलले तेव्हा सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते वळले आणि ट्रंकेतून एक पातं काढून माझ्या हातात दिलं. त्याची एक कड गोलसर, दुसरी धारदार, पाठीला पंखाचा तोच बाक.

मोड्युल दुसऱ्या खेपेला निघालं. बी-१, म्हणजे इंजिन आणि सांगाड्याचं लायसन्स, करणाऱ्यांनी, त्यातही मराठी शाळेतून आलेल्यांनी, हा वर्ग जरूर करावा. बी-२, म्हणजे एव्हिऑनिक्सवाल्यांनी आधी सरांशी बोलून घ्यावं, कारण त्यांच्या कामाचं इथे कमी आहे. जाताना स्वतःची पक्कड घेऊन जा, खालच्याच दुकानात मिळते. आणि डावीकडच्या पहिल्या बाकावर बसा, ट्रंक त्या बाजूला उघडते.