आरव्हीतली सुरक्षेची साधनं: एक अख्खा हंगाम वापरल्यावर

वसंतात आम्ही जुनी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतली; क्लास सी प्रकारची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. टेक्सासहून निघून कॅन्सस, कोलोरॅडो, वायोमिंग असे बरेच फिरलो. ओळखीच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्री कोणी दार फोडलं तर? म्हणून कुलपांपासूनच सुरुवात करते.

सामानाच्या बाहेरच्या कप्प्यांना कारखान्यातून जी कुलपं येतात, त्यातली असंख्य कुलपं एकाच किल्लीने उघडतात. तिच्यावर सीएच७५१ असं कोरलेलं असतं आणि ती ऑनलाइन कोणालाही विकत मिळते. तुमच्या किल्लीवर हा नंबर दिसला तर कुलपं लगेच बदला, काम अवघड नाही. मुख्य दाराला आम्ही आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवलं. सोयीचं आहे, पण कोलोरॅडोच्या थंडीत त्याच्या बॅटऱ्या पटकन उतरतात, तेव्हा साधी किल्लीही जवळ हवीच.

कुलपापेक्षा माझा जास्त भरवसा आहे तो पलंगावरून उठून, गाडीबाहेर न पडता, थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाता येतं यावर. म्हणून रात्री गाडीचं तोंड नेहमी रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या खुंटीला आणि पुढच्या सीट रिकाम्या. एका रेस्ट एरियात रात्री कोणीतरी दार ठोठावत राहिलं. नवऱ्याने दार न उघडता आतूनच विचारलं, उत्तर धड येईना. आम्ही निघालो आणि पुढच्या ट्रक स्टॉपवर जाऊन झोपलो. ट्रेलर ओढणाऱ्यांना हे शक्य नसतं, घेण्याआधी याचा विचार जरूर करा.

पाळतीच्या कॅमेऱ्यावर मात्र पैसे वाया गेले. कॅम्पग्राउंडला नेटवर्क नसतं, आणि असलंच तर प्रत्येक खारीगणिक फोन वाजतो.

आता गॅस आणि आग. माझ्या मते खर्च आणि लक्ष दोन्ही आधी इथे जायला हवं. प्रोपेन, म्हणजे शेगडीचा गॅस, हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म पायाशी बसवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तो आपल्याच जनरेटरमधून येईल असं नाही. शेजारच्या गाडीच्या जनरेटरचा धूरही आपल्या खिडकीतून आत येऊ शकतो. या अलार्मना वयाची मर्यादा असते, साधारण पाच ते सात वर्षं, आणि तारीख बहुधा मागच्या बाजूला छापलेली असते. आमच्या गाडीतला काढून पाहिला तर मुदत कधीच उलटलेली. हिरवा दिवा मात्र छान लागत होता! जुनी गाडी घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे बघावं. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून कधीही झोपू नका.

धुराच्या अलार्मबद्दल आपल्या लोकांना खास सांगायचंय. मिरचीची फोडणी पडली की तो बोंबलतो, आणि मग कोणीतरी बॅटरी काढून ठेवतं. काढू नका. फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्या, स्वयंपाकाच्या धुराला तो कमी बिथरतो. आम्ही फोडणी बाहेरच्या शेगडीवर करतो.

आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा मागच्या खिडकीची रंगीत तालीम केली. लाल मुठीची ती खिडकी आगीत बाहेर पडायची वाट असते, पण ती बाहेरून बरीच उंच आणि आईचे गुडघे दुखरे. मुठी इतक्या घट्ट बसल्या होत्या की तिच्याने हलेनात; नवऱ्याने रबराला सिलिकॉनचा फवारा मारला तेव्हा सुटल्या. मग चौकटीवर जाड चादर टाकून, पालथं होऊन, आधी पाय बाहेर, असं तिला दोनदा उतरवलं. खाली बाबा स्टूल धरून उभे. "अगं, हे आधी सांगितलंस ते बरं झालं, मी तर दारच शोधत बसले असते," आई म्हणाली. आता नवीन माणूस मुक्कामाला आलं की चहाच्या आधी खिडकी दाखवते.

कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावर आंधळा विश्वास ठेवू नये. अर्थिंग तुटलेलं असेल आणि गाडीत कुठे गळती असेल, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो; ओल्या पायांनी दाराला हात लावला की झटका. वायरिंग तपासून मगच वीज आत सोडणारा सर्ज प्रोटेक्टर महाग पडला, पण एका ठिकाणी त्याने अर्थिंगचा दोष दाखवला आणि आम्ही जागा बदलून घेतली.

कॅन्ससमध्ये सगळ्यात कामाला आला तो हवामानाचा रेडिओ. टॉर्नेडोचा इशारा काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) नावाने येतो, आणि फिरस्त्याला आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच ठाऊक नसतं. पोचल्याबरोबर काउंटीचं नाव चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावते आणि ऑफिसात विचारते, वादळात कुठल्या इमारतीत जायचं? टॉर्नेडोत आरव्ही निवाऱ्याची जागा नाही. बहुतेक वेळा न्हाणीघराची पक्की इमारत दाखवतात.

वायोमिंगमध्ये मोबाइलची रेंज तासन्‌तास नसते. गार्मिन इनरीच मिनी हे छोटं यंत्र उपग्रहावरून संदेश पाठवतं, एसओएस दाबलं तर चोवीस तास चालू असलेल्या केंद्राला आपलं ठिकाण कळतं. वर्गणी भरावी लागते. एसओएसची वेळ आली नाही, पण रोज संध्याकाळी भावाला "पोचलो" कळवायला वापरलं. तेवढ्यासाठी मी वर्गणी चालूच ठेवणार आहे.

बंदूक ठेवता का, असंही विचारतात. नाही. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, संघराज्याच्या कायद्यानेच ती बाळगायला मनाई आहे, आणि कॅनडाच्या सीमेवर तर मोठा घोळ होऊ शकतो. अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जवळ असावा. योसेमिटी उद्यानात मात्र त्यावर बंदी आहे.

देशातून येऊन आठवड्यासाठी आरव्ही भाड्याने घेणार असाल तर ताब्यात घेतानाच अलार्मची तारीख बघा, चाचणीचं बटण दाबा, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का पाहा आणि मागची खिडकी उघडून दाखवायला सांगा. टायरवर DOT (डॉट) या अक्षरांपुढच्या रांगेतले शेवटचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आरव्हीचे टायर झिजण्याआधी वयानेच जातात, तेव्हा खूप जुने निघाले तर दुसरी गाडी मागा.