काळ्या मातीतलं युरेनियम-थोरियम: साध्या क्वाड्रुपोल आयसीपी-एमएसचा काही महिन्यांचा अनुभव

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची माती बसाल्टपासून बनलेली, त्यामुळे युरेनियम-थोरियम मुळातच कमी. भूकवचाची युरेनियमची सरासरी किलोला 2.7 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. बीएचव्हीओ-2 या बसाल्टच्या प्रमाणित नमुन्यात ते जेमतेम 0.4 आहे. तरीही साधं क्वाड्रुपोल आयसीपी-एमएस, म्हणजे आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र, इथे पुरून उरतं. थोरियमच्या 232 आणि युरेनियमच्या 238 या वस्तुमानांवर आर्गॉनच्या संयुगांचा त्रास जवळपास नाही, म्हणून असे अडथळे गाळणारा हेलियम वायू बंद ठेवावा. चालू केला की संवेदनशीलता उगाच घटते.

खरी कसोटी डायजेशनची, म्हणजे माती आम्लात विरघळवण्याची. 0.25 ग्रॅम वाळलेली, 75 मायक्रॉनखाली दळलेली माती, 6 मिली नायट्रिक, 2 मिली हायड्रोफ्लोरिक, मायक्रोवेव्हमध्ये 200 अंश. नुसत्या अम्लराजाने (नायट्रिक-हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणाने) सिलिकेट फुटत नाही. पण हायड्रोफ्लोरिक घातलं की गोदाकाठच्या मातीतली चुनखडी आडवी येते: कॅल्शियम फ्लोराइड तळाशी बसतं आणि थोरियमला सोबत नेतं. वरचं द्रावण नितळ दिसतं, म्हणून लक्षातही येत नाही. ते विरघळवायला 4 टक्के बोरिक अॅसिड 10-12 मिली घालून पुन्हा 170 अंशांवर तापवावं. ही पायरी वगळूच नये. थोरियम-युरेनियम गुणोत्तर 3 च्या बरंच खाली गेलं तर आधी नळीचा तळ बघा. फॉस्फेट खतातून आलेल्या युरेनियमनेही ते घसरतं, पण तो निष्कर्ष नंतरचा. हायड्रोफ्लोरिक हाताळताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्वचेवर सांडल्यास लावायचा उतारा) हाताशी हवंच.

50 मिलीचं द्रावण आणखी दहापट विरळ करावं, विरघळलेले क्षार 0.2 टक्क्यांच्या आत ठेवावेत. अंतर्गत मानक (यंत्राचा चढउतार सुधारण्यासाठी प्रत्येक द्रावणात सारखंच घालायचं मूलद्रव्य) इरिडियम किंवा बिस्मथ. थोरियम यंत्राच्या नळ्यांना चिकटतं. 2 टक्के नायट्रिकमध्ये किंचित हायड्रोफ्लोरिक घालून धुतलं तर सुटतं, मात्र स्प्रे चेंबर (द्रावणाचे तुषार गाळणारा कप्पा) पीएफए प्लास्टिकचा लागतो, काच खराब होते. आर्गॉन मिनिटाला 17 लिटरच्या आसपास जातो, म्हणजे 7 घनमीटरचं सिलिंडर सात तासही पुरत नाही. रोज काम असेल तर द्रव आर्गॉनच घ्यावा.

सेक्टर-फील्ड किंवा मल्टिकलेक्टर या जास्त नेमक्या प्रकारांचं यंत्र घ्यायचं ते समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचं) अचूक गुणोत्तर हवं असेल तरच. स्ट्रॉन्शियम-90 ला त्याच वस्तुमानाचं झिर्कोनियम-90 नडतं, तिथे ऑक्सिजनच्या अभिक्रियेने दोघांना वेगळं करणारा ट्रिपल क्वाड्रुपोल कामी येतो. पोटॅशियम-40 साठी मात्र या वाटेला जाऊच नये: 40 वर आर्गॉन आणि कॅल्शियम दोन्ही ठाण मांडून असतात. त्याला 1461 केईव्ही ऊर्जेची गॅमा रेषाच मोजलेली बरी.