पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, आठ-नऊ महिन्यांनंतर: मशीन ठीक, पण त्या नॉबचं काय करायचं?

घरातल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं वीसेक किलोंचं धूड, आत नायट्रोजन धरणाऱ्या झिओलाइटचे दोन टॉवर, कॉम्प्रेसर, सेन्सर, वर तीन वर्षांच्या वॉरंटीचा स्टिकर. आणि या सगळ्याची सूत्रं ज्याच्याकडे, तो फ्लोचा (मिनिटाला किती लिटर सोडायचं ते ठरवणारा) नॉब कुठे? दर्शनी बाजूला, मांडीच्या उंचीवर. लॉक नाही, झाकण नाही. येणाराजाणारा कुणीही फिरवू शकतो, आणि फिरवतोच. काही मॉडेलांत फ्लो लॉक करायची सोय असते, हे मला मशीन घरात आल्यावर कळलं. दुकानदाराने आवाज किती कमी येतो ते पाचदा सांगितलं, नॉबबद्दल चकार शब्द नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून चालू आहे. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात: ९३ टक्के ऑक्सिजन (अधिक-उणे ३), साधारण ३५० वॅट. ते पुन्हा उगाळत नाही.

मशीन आजीसाठी घेतलं. तिला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेट आयुष्यात कधी नाही. चूल मात्र जन्मभर फुंकली. चिपळूणच्या आसपासची चूल, म्हणजे पावसाळ्यात ओली लाकडं, न्हाणीघरात आंघोळीच्या पाण्याचा हंडा, भात उकडायचा तो धूर वेगळा. मी मेडिकलला आहे; व्हायवाला (तोंडी परीक्षेत) सीओपीडीचं कारण विचारलं की आम्ही सगळे आधी 'सिगारेट' म्हणतो. ओपीडीत बघाल तर चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका रांगेत बसलेल्या असतात.

मशीन घेण्याआधीचा आजीचा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) माझ्या वहीत लिहून ठेवलाय. ऑक्सिजन ५२, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ५४, पीएच (रक्ताची आम्लता) ७.३८, बायकार्ब (आम्ल सावरणारा क्षार) ३१. सेकंड इयर संपलेल्या कुणालाही हे वाचता यावं: सीओटू गेले कित्येक महिने साठलेला, किडनीने बायकार्ब वाढवून पीएच सावरलेला. चेस्टच्या डॉक्टर मॅडमनी लिहून दिलं: मिनिटाला १ लिटर, दिवसाला किमान १५ तास, सॅच्युरेशन (हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते) ८८ ते ९२ च्या मध्ये. ९२ च्या खाली दोन रेघा मारल्या होत्या. घरात त्या रेघांचा अर्थ 'किमान ९२' असा घेतला गेला.

आधी पैशांचं. बाबांचा पहिला प्रश्न विजेचा. ३५० वॅट गुणिले १५ तास, म्हणजे दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. आमचं घर एरवी शंभर युनिटच्या आत असतं, त्यामुळे फटका नुसत्या युनिटांचा नाही, स्लॅबही बदलतो. बाबा म्हणाले, "एक लिटरवरच चालवतोय, मग वीज एक पंचमांश लागायला हवी." लागत नाही. आमच्या मशीनचा कॉम्प्रेसर एक लिटरला आणि पाच लिटरला जवळजवळ सारखीच वीज खातो. मग ते म्हणाले, रात्री ती झोपलेली असते, तेव्हा बंद ठेवू. यावर मात्र मी भांडले. झोपेत श्वास उथळ होतो, सॅच्युरेशन सगळ्यात जास्त तेव्हाच पडतं. १९८० च्या अमेरिकन अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगले, आणि १९८१ च्या ब्रिटिश अभ्यासात १५ तास घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा. आपल्या प्रिस्क्रिप्शनवरचे ते १५ तास तिथूनच आलेत. आता रात्रभर आणि दुपारच्या झोपेला चालू असतं. बिल बाबा भरतात आणि फ्रिजवर लावून ठेवतात, सगळ्यांना दिसेल असं.

आता नॉब.

संक्रांतीला आत्या आली. आजी परसातून चालत आली होती, धाप लागलेली. आत्याने बघितलं, की मशीनमधली फ्लो दाखवणारी गोळी १ वर आणि आकडे ५ पर्यंत. "अगं, आईला एवढा श्वास लागतोय आणि तुम्ही एकवर ठेवलंय?" नॉब ४ वर. सॅच्युरेशन ८९ वरून ९७. घरात आनंदीआनंद, ऑक्सिमीटरचा फोटो घरच्या ग्रुपवर, वर नमस्काराचे हात.

मी दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवरून घरी पोचले तेव्हा आजी चहाला उठलेली नव्हती. डोकं ठणकतंय म्हणाली आणि वाक्य अर्धवट टाकून पुन्हा पेंगली. तळवे गरम, नाडी भरलेली. तिला म्हटलं, आजी, दोन्ही हात पुढे कर, 'थांबा' म्हणतो तसे. हात वर आले आणि मनगटातून फडफडायला लागले. मध्येच गळायचे, पुन्हा सावरायचे. फ्लॅपिंग ट्रेमर, सीओटू साठल्याची खूण, पुस्तकात वाचलेला होता, बघितला आपल्याच आजीच्या हातांत. कॅज्युअल्टीतला एबीजी: सीओटू ६८, पीएच ७.३२. बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) लावला, ऑक्सिजन मोजून कमी केला, आजी शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा विचारलं, की तिळगूळ संपला का.

आत्याचा यात काय दोष? श्वास लागला की ऑक्सिजन वाढवायचा, हे साध्या अकलेला पटणारंच आहे. म्हणून तर लॉक हवं.

फर्स्ट इयरला आपल्याला सांगतात, सीओपीडीवाल्याचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो, कमतरता भरून काढली की तो श्वास घेणं सोडतो. हायपॉक्सिक ड्राइव्ह. परीक्षेत लिहा, मार्क मिळतात. पण खरी गोष्ट तेवढीच नाही. १९८० मध्ये फ्रान्समध्ये ओबिए आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना ऑक्सिजन देऊन मोजमाप केलं, तेव्हा मिनिटाचं व्हेंटिलेशन (मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा) सुरुवातीला घसरून बरंचसं परत आलं. सीओटू मात्र चढतच गेला. म्हणजे माणूस श्वास घेतोय, तो वाया जातोय.

का, ते असं. फुप्फुसाचा जो भाग नीट हवा घेत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेतात. रक्त चांगल्या भागाकडे वळतं. ही शरीराने स्वतः केलेली तडजोड. वरून भरपूर ऑक्सिजन सोडला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा त्या निकामी भागात शिरतं आणि तिथून सीओटू न टाकताच परत येतं. चांगल्या भागाला हवा मिळते, पण रक्त कमी. म्हणजे डेड स्पेस (हवा येऊनही वाया जाणारी जागा) वाढली. दुसरं, हाल्डेन इफेक्ट: हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की ते सीओटू सोडून देतं. निरोगी माणूस चार श्वास जास्त घेऊन तो बाहेर टाकतो. आजीच्या पिंपासारख्या झालेल्या छातीत तेवढी ताकद कुठली?

आणि यातलं काहीही बोटावरच्या ऑक्सिमीटरला दिसत नाही. त्याला सीओटू कळत नाही. ९७ बघून अख्खं घर खूश होतं, तेव्हा आतला आकडा ६८ कडे चालला होता.

एक लिटर पुरतो कसा, हे घरच्यांना पटवायला मी कॅलेंडरच्या पाठीमागे गणित मांडलं. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन: हवेचा दाब ७६० मिलिमीटर, त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा, त्याचे २१ टक्के, १५०. त्यातून सीओटू भागिले ०.८, म्हणजे ५४ चे साडेसदुसष्ट वजा. अल्व्हिओलसमध्ये (फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीत) उरले ८२ च्या आसपास. आता नळीने दर लिटरला तीन-चार टक्के भर पडते असं धरलं, तर एका लिटरला २४ टक्के. तेवढ्यानेच वीसेक मिलिमीटर वाढले. डिसोसिएशन कर्व्हचा (रक्तातला ऑक्सिजन आणि सॅच्युरेशन यांच्या आलेखाचा) उभा कडा ६० च्या खाली असतो. ५२ वरून ६० वर आलात की सॅच्युरेशन ९० ला टेकतं. त्यापुढे कर्व्ह आडवा, कितीही ओता. बाबांना गणितातलं 'कितीही ओता, उपयोग नाही' एवढं लगेच समजलं. बचतीची भाषा त्यांना कळते.

नॉबवर आता चिकटपट्टी आहे, १ च्या रेघेवर लाल शाई, आणि 'हात लावू नये' अशी पाटी. पन्नास हजारांच्या घरातल्या मशीनला हा जुगाड.

तरीही मेअखेर मी हे लिहिलं असतं तर पाचपैकी चार दिले असते. आवाजाची सवय होते. दर काही सेकंदांनी फुस्स येतो, तो व्हॉल्व्ह पलटल्याचा: एक टॉवर दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतो, तोवर दुसरा धरलेला नायट्रोजन बाहेर सोडतो. एकाच उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावं तसं अखंड चालतं. आजी आंघोळीला स्वतः जाऊ लागली, पायांवरची सूज उतरली. मशीनवर मी खूश होते.

जुलैत पिवळा दिवा लागला. म्हणजे ऑक्सिजनची शुद्धता कमी. सर्व्हिसला फोन. "मॅडम, गोळी वर आहे ना? ओलाव्याच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येतात ना? मग मशीन ओके." व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. "बघा, बुडबुडे आहेत." अहो दादा, बुडबुडे तर सायकलच्या पंपानेही येतील! गोळी सांगते किती हवा येतेय. त्या हवेत ऑक्सिजन किती, हे ती सांगत नाही. इथे आजीचं सॅच्युरेशन त्याच एक लिटरवर ८५. हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी माणूस अ‍ॅनालायझर घेऊन आला. ऑक्सिजन ६० टक्के.

माणूस म्हणतो, "साठ म्हणजे निम्म्याहून जास्त आहे की." साध्या हवेतच २१ असतात, दादा. मशीनची कमाई म्हणजे त्यावरची भर. ९३ ला ती ७२ होती, ६० ला ३९. जवळपास अर्धी कमाई बुडाली, वीज तेवढीच. (मधल्या दिवसांत मॅडमना फोनवर विचारूनच फ्लो दोनवर नेला होता, ऑक्सिमीटर बोटाला लावून, ९२ ओलांडू न देता. चिकटपट्टी काढून पुन्हा लावली.)

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. दमट हवा आत शिरत राहिली की त्याच्या जागा पाणी अडवतं आणि ते सहजी सुटत नाही. कोकणातला जुलै, माजघरात दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय की स्पंजचा फिल्टर दर आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पूर्ण वाळवून? जुलैत? जोडीला दुसरा फिल्टर द्यायला कंपनीचं काय गेलं असतं? कंपनीचं म्हणणं, सीव्ह बेड (तेच झिओलाइटचे टॉवर) 'कन्झ्युमेबल' आहे, वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी कार्डावर कॉम्प्रेसर आणि 'इंटर्नल पार्ट्स' असं छापलंय. सीव्ह बेड बाहेर लटकवलेला नसतो, एवढं मला कळतं. पैसे भरले, पावतीवर 'अंडर प्रोटेस्ट' लिहून सही केली, ग्राहक आयोगाचा अर्ज तयार आहे.

एक मात्र मान्य करावं लागेल. मला तो पिवळा दिवा सुरुवातीला नसता डामडौल वाटायचा. तोच खरा कामाचा निघाला. दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, फ्लो वाढवला की शुद्धता कोसळणारी कितीतरी स्वस्त मशीन घराघरांत आली. दिवा किंवा आकडा नसेल तर ती चालतायत की नुसती घरघरतायत हे कळणार कसं? त्यामुळे घेताना विचारा: ऑक्सिजन सेन्सर आहे का, पूर्ण पाच लिटरला किती टक्के, आणि तो आकडा दुकानातच अ‍ॅनालायझर लावून दाखवा. फ्लो लॉक आहे का. सीव्ह बेड वॉरंटीत आहे का, लेखी. जास्तीचा फिल्टर मागून घ्या. मशीन भिंतीपासून सुटं, देवघर आणि चुलीपासून लांब ठेवा. आजी नाकात नळी ठेवून निरांजन लावायला निघाली होती, तिला थोपवताना घरात महाभारत झालं. आता दिवा बाबा लावतात.

नवा बेड बसल्यावर आजी पुन्हा एका लिटरवर ८९-९० ला आहे. गुण: मशीनला साडेतीन, सर्व्हिसला अर्धा, नॉबला शून्य.

आणि ती बुडबुड्यांची बाटली. तिच्यासाठी महिनोन्‌महिने डिस्टिल्ड वॉटर विकत आणलं, रोज धुतली, उकळत्या पाण्यातून काढली. परवा मॅडम म्हणाल्या, चार लिटरच्या आत ओलाव्याची गरज सहसा नसते, नाक कोरडं पडत नसेल तर काढून टाका. नीट न धुतलेली बाटली म्हणजे जंतूंचं घर. काढली. आजीला फरक पडला नाही, बुडबुडे दिसत नाहीत म्हणून आत्या तेवढी हळहळली. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन सीलबंद पडलेत. चिपळुणात कुणाला इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी हवे असतील तर निम्म्या किमतीत देईन, न्यायला यावं लागेल.