कांगारू: फिले घ्यावं की शेपूट?

ऑस्ट्रेलियात विकलं जाणारं कांगारूचं मांस पाळीव प्राण्याचं नसतं. परवानाधारक शिकारी रात्री प्रखर दिव्याच्या उजेडात रानातला कांगारू टिपतात. चरबी जेमतेम २ टक्के, आणि सगळी गोम तिथेच आहे.

फिले म्हणजे बिनहाडाचा मऊ तुकडा. तो झटपट होतो, पण तव्यासमोरून हलायची सोय नाही. वरचा पांढरा, चिवट पापुद्रा काढा, मांस पुसून कोरडं करा आणि तेल मांसालाच चोळा. जाड तवा चांगला तापल्यावर २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा दर बाजूला २ मिनिटं भाजा, मग ५ मिनिटं झाकून ठेवा. आत गुलाबी राहायला हवं. पूर्ण शिजवलं की कोरडं आणि वातड होतं. गरोदर बायकांनी मात्र असं अर्धकच्चं खाऊ नये, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाचा धोका असतो.

शेपटीत सांधे आणि स्नायुबंध भरपूर. मध्य ऑस्ट्रेलियातले आदिवासी केस जाळून, खरवडून ती निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरतात. घरी सांध्यांवर कापलेले तुकडे परतून मंद आचेवर ३-४ तास ठेवा. लवकर उतरवलं तर रबरासारखं लागतं.

मराठी घरात पहिल्यांदा आणणार असाल तर शेपूटच घ्या. तिच्या दाट रश्श्याला भाजक्या खोबऱ्याचं वाटण शोभतं. फिलेची चव त्याखाली दबून जाते.