डिशवॉशर लावला की घरातली वीज जाते : वायरमन, कंपनी की बाहेरचा मेकॅनिक?

२०२०च्या लॉकडाउनमध्ये भांडीवाल्या मावशींचं येणं बंद झालं आणि कितीतरी घरांत पहिल्यांदा डिशवॉशर आला. आमचाही तेव्हाचाच. वॉरंटी कधीच संपली, आणि गेल्या पावसाळ्यात नवाच प्रकार सुरू झाला. मशीन लावलं की बाराव्या मिनिटाला अख्ख्या घराची वीज गुल. फ्रिज बंद, वायफाय बंद, आणि आत साबणाच्या पाण्यात अर्धवट भिजलेले कुकरचे डबे.

अशा वेळी तीन माणसं समोर असतात : ओळखीचा वायरमन, कंपनीचा टेक्निशियन आणि बाहेरचा मेकॅनिक. फोन करण्याआधी मेन बोर्डाकडे बघा. फक्त स्वयंपाकघराचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला असेल तर जास्त भार किंवा शॉर्टसर्किट. मशीनच्या सॉकेटवर ओव्हन किंवा इंडक्शनही चालत असेल तर आधी ते वेगळं करा. पण टेस्ट बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडला असेल, तर करंट कुठेतरी अर्थिंगमध्ये गळतोय. घरातला आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५च्या पुढे गेलं की कधीही पडू शकतो. गळती इतकी बारीक असते की मशीन वरून अगदी ठणठणीत दिसतं.

दुसरं, पडतो कधी ते घड्याळ लावून बघा. पिन लावताक्षणी पडला तर केबल, प्लग किंवा आतला विजेचा फिल्टर (जाळीचा नव्हे). पाणी भरताना पडला तर इनलेट व्हॉल्व्ह, पाणी बाहेर टाकताना पडला तर ड्रेन पंप. दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी तापायला लागलं की पडला तर बहुतेक वेळा हीटर. खात्रीसाठी थंड पाण्याचा प्री-रिन्स लावा. तो सुरळीत पार पडला आणि गरम प्रोग्रॅमला वीज गेली, तर संशय हीटरवरच. स्विच बंद असतानाही पडत असेल तर गोंधळून जाऊ नका. आपले स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल अर्थिंगला टेकला तरी आरसीसीबी पडतो. म्हणून मशीनला हात लावायचा तर पिनच उपसून काढायची.

आता माणसं. वायरमन तासाभरात येतो, पैसे कमी घेतो, आणि दोष सॉकेटमध्ये किंवा वायरिंगमध्ये असेल तर त्याच्याइतका उपयोगी कोणी नाही. फ्रिज, गीझर, इन्व्हर्टर या सगळ्यांची थोडी थोडी गळती मिळून एकच आरसीसीबी पडत असेल, तर स्वयंपाकघराला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) बसवायचं कामही त्याचंच. मशीनच्या आत मात्र तो अडखळतो. आमच्याकडे आलेल्याने मल्टिमीटर लावला, हीटरचं रीडिंग २७ ओहम आलं, आणि ‘हीटर ओके आहे’ म्हणाला. २७ ओहम म्हणजे २३० व्होल्टला साधारण १९६० वॅट, म्हणजे कॉइल तुटलेली नाही एवढंच कळलं. कॉइल आणि बाहेरची धातूची नळी यांच्यात पांढरी पूड ठासलेली असते. नळीला बारीक चीर गेली किंवा टोकाचं सील गेलं की ती पूड ओल धरते आणि करंट गळतो. ही गळती मल्टिमीटरच्या छोट्या बॅटरीवर बरेचदा दिसतच नाही. त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर लागतो, आणि तोही हीटरच्या वायरी सोडवून, नाहीतर कंट्रोल बोर्डाला फटका बसू शकतो.

मग तो म्हणाला, ‘मशीनची अर्थिंग सोडून ठेवतो, ट्रिप होणार नाही.’ खरंच होत नाही, पण मग तोच करंट मशीनच्या धातूच्या अंगावर येऊन बसतो आणि ओल्या हाताने दार उघडणाऱ्याची वाट बघतो. मी त्याला तिथेच थांबवलं. कोणीही, कितीही अनुभवी माणूस अर्थिंग सोडायला किंवा आरसीसीबी बायपास करायला सांगत असेल, तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.

कंपनीच्या टेक्निशियनची व्हिजिट महाग पडते आणि तारखेसाठी थांबावं लागतं. पण पार्ट त्याच मॉडेलचा मिळतो, बदललेल्या पार्टला वॉरंटी असते, आणि पावती हातात राहते. अडचण एकच : तो पार्ट दुरुस्त करत नाही, अख्खी असेंब्ली बदलतो. बऱ्याच नव्या मॉडेलांत हीटर पाणी फिरवणाऱ्या पंपातच बसवलेला असतो, त्यामुळे हीटरसाठी पंपाचेही पैसे मोजावे लागतात. मॉडेल नंबर देऊन हा भाव आधी फोनवरच विचारा.

बाहेरचा चांगला मेकॅनिक मिळाला तर मला तोच पटतो. आमच्याकडे दुसरा आला त्याने खालचा पत्रा काढला, वायरी सोडवल्या, मेगर लावला आणि मला काटा दाखवला : ०.०१ मेगाओहम. निदान १ तरी हवा. उंदराने कुरतडलेली वायर, गंजलेला कनेक्टर, झुरळांनी घर केलेला बोर्ड, या गोष्टी तो पार्ट न बदलताही निस्तरतो. मात्र त्याच्या पार्टची खात्री तोंडी असते. म्हणून जुना पार्ट परत मागा, आणि बदलल्यावर मेगरचं रीडिंग पुन्हा घ्यायला लावा.

मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर पहिल्यांदाच असं झालं असेल, तर हीटरने नुसतीच ओल धरलेली असू शकते आणि तो सुकवून मार्गी लागू शकतो. मेकॅनिकला हे आवर्जून सांगा.

नवीन मशीन कधी? खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर चालला असेल किंवा आतली टाकी गळत असेल तर. नुसत्या हीटरसाठी मी मशीन टाकणार नाही. पण बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर डिशवॉशरचं मीठ भरणं आणि पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंग आजच तपासा. हीटरवर क्षाराचा थर चढत राहिला तर नवा हीटरही लवकर जाईल.

फोनवर एवढंच सांगा : ‘आरसीसीबी पडतो, बाराव्या मिनिटाला, थंड रिन्स नीट चालतो. मेगर घेऊन या.’ समोरच्याने ‘मेगर कशाला?’ विचारलं तर दुसरा नंबर लावा.