दोन टीबीच्या डिस्कमधून निघालेले 64 जीबीचे कार्ड

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरले, तेव्हा आमच्या हळदीच्या पेढीतील जुन्या खतावण्या भिजल्या. त्यांतील वाचता येण्याजोगे एकेक पान वाळवून आम्ही स्कॅन करून ठेवले होते. यंदा त्याच संगणकाच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, जागा संपल्याचा इशारा सारखा येऊ लागला आणि बिले निघेनाशी झाली. म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 2 टीबीची, म्हणजे सुमारे 2000 जीबीची, बाह्य एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) मागवली. तिची किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी होती, पण खोके सीलबंद होते आणि त्यावर होलोग्रामही होता.

दिवाणजींनी सर्व फायली त्या डिस्कवर उतरवल्या, नावे व आकार ताडून पाहिले, सुरुवातीच्या काही फायली उघडूनही पाहिल्या आणि मगच मूळ प्रती काढून टाकल्या. पुढे एका जुन्या येणे रकमेच्या वादात खतावणीचे पान हवे झाले, तेव्हा फाइलचे नाव दिसत होते, आकारही बरोबर होता, परंतु ती उघडेना. अशा शेकडो फायली निघाल्या.

दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या तंत्रज्ञाने डिस्कचे प्लास्टिकचे कवच उघडले. आत छोटीशी सर्किटची पट्टी, गोंदाने चिकटवलेले 64 जीबीचे मायक्रोएसडी कार्ड आणि हाताला वजन लागावे म्हणून बसवलेला लोखंडाचा तुकडा, एवढेच होते. अशा डिस्कच्या कंट्रोलरमधील, म्हणजे तिचे काम चालवणाऱ्या चिपमधील, फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) बदललेले असते आणि ते विंडोजला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपल्यावर पुढचा मजकूर एकतर आधीच्या मजकुरावर लिहिला जातो किंवा कोठेच लिहिला जात नाही. फायलींच्या नावांची यादी मात्र डिस्कच्या आरंभीच्या भागात असल्यामुळे शाबूत राहते, आणि नाव व आकार पाहून कोणालाही संशय येत नाही. संगणकातील मूळ डिस्कही एसएसडीच होती. पुसलेली जागा ट्रिममुळे (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करण्याची विंडोजने एसएसडीला दिलेली सूचना) आतून रिकामी केली गेल्याने तेथूनही काही परत मिळाले नाही.

नवी डिस्क घेतल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे मोफत साधन तिच्यावर शेवटपर्यंत मजकूर लिहून तो पुन्हा वाचून पाहते आणि खरी क्षमता उघड करते. ही चाचणी पूर्ण होईपर्यंत मूळ फाइलला हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मुळात डिस्क विकत घेण्याआधी सेटिंग्जमधील 'सिस्टिम' आणि त्यातील 'स्टोरेज' उघडून तात्पुरत्या फायली, रिसायकल बिन आणि विंडोजची जुनी आवृत्ती साठवणारे फोल्डर पाहावे. तेथे पुष्कळदा कित्येक जीबी जागा अडकलेली असते.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तसेच 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आधी डिस्क परत पाठवा, मग पैसे देतो, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते आम्ही मान्य केलेले नाही, कारण ते कार्ड हाच आमच्याकडचा पुरावा आहे.